समजून घ्या : ‘हवा नगीला’ टिकलं, कारण कुणीतरी लिहून ठेवलं, आपल्या ओव्यांचं काय?

रील चाळताना कधी ना कधी ही चाल तुमच्या कानावर पडलीच असेल. संथ सुरू होते, मग वेग घेते आणि माणसं हात धरून गोल नाचू लागतात. गाण्याचं नाव ‘हवा नगीला’. हिब्रूत अर्थ सरळ आहे : चला, आनंद करूया. जगभर ते ज्यूंचं पुरातन लोकगीत म्हणून ओळखलं जातं. प्रत्यक्षात त्याचे शब्द जेमतेम शंभर वर्षांचे आहेत.

गाणं आलं कुठून?

चाल पूर्व युरोपातली. साडीगुरा (आज युक्रेनमध्ये) इथल्या हसिदी पंथाचे लोक ती शब्दांशिवाय, नुसत्या नादावर गुणगुणायचे. त्या पंथाची काही माणसं जेरुसलेमला राहत होती. तिथे १९१५ मध्ये अब्राहम झ्वी इडेलसोन या संगीत संशोधकाने त्यांच्याकडून ती ऐकली आणि स्वरलिपीत उतरवली.

इडेलसोन यांचा जन्म १८८२ चा, लॅटव्हियातला. येमेन, इराक, मोरोक्को अशा ठिकठिकाणच्या ज्यूंची गाणी गोळा करणं हे त्यांचं काम. त्यासाठी ते फोनोग्राफ हे तेव्हाचं आवाज टिपणारं यंत्र वापरत.

डिसेंबर १९१७ मध्ये ब्रिटिश फौजांनी जेरुसलेम घेतलं, तुर्की अंमल संपला. पुढच्या वर्षीच्या आनंदसोहळ्यासाठी इडेलसोन यांना गाणं हवं होतं. त्यांनी जुनी वही उघडली, ही चाल निवडली आणि तिच्यावर सोपे हिब्रू शब्द बसवले. १९२२ मध्ये गाणं छापून आलं. पुढे अमेरिकी गायक हॅरी बेलाफाँटे यांनी ते जगभर पोहोचवलं.

शब्द आपलेच, असा दावा इडेलसोन यांचे विद्यार्थी मोशे नॅथनसन यांनीही केला. म्हणजे ज्याला आपण ‘लोकगीत’ म्हणून मोकळे होतो, त्याच्यामागे नावं असतात, श्रेयाचे वादही असतात.

मराठीशी नातं

हिब्रू गाणं मराठी मुलखाला नवं नाही. कोकणातले बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या तेलाच्या घाण्याचा धंदा करत. शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आडनावं दिवेकर, पेणकर, रोहेकर. पोहे, नारळ, गुळाचा मलिदा करताना ते एलियाहू या प्रेषिताचं हिब्रू गीत म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंही रचली. १९४८ नंतर बरेच जण इस्राएलला गेले, पण मराठी गाणी बरोबर घेऊन. तिकडच्या बायकांनी ती वह्यांत उतरवून ठेवली आणि त्या वह्यांमुळे आज ती गाता येतात.

मग पलूसचं काय?

पलूस, कुंडल, कृष्णाकाठच्या गावांत जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, भजनी मंडळांच्या जुन्या चाली आहेत. कुंडल हे प्रतिसरकारचं मोठं केंद्र. त्या काळाचे पोवाडे ऐकलेली पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जातं कोपऱ्यात गेलं, गिरणी आली, आता घरघंटीही आली. दळणाचे कष्ट संपले हे चांगलंच झालं. पण त्यासोबत ओवीही गेली आणि तिची नोंद बहुतेक घरांत कुणी केली नाही.

हे काम अशक्य नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. गाणारीचं नाव, गाव यांची नोंद ठेवली. पण आपल्या आजीपर्यंत प्रत्येक वेळी संशोधक पोहोचेलच असं नाही. नातवाला मात्र दोन खोल्या ओलांडायच्या आहेत.

एवढं करा

- आजीला विचारून, तिच्या सवडीने मोबाइलवर आवाज टिपा.
- सुरुवातीला तिचं नाव, माहेर, सासर आणि तारीख बोलून घ्या.
- गाणं कुणाकडून शिकली, कधी म्हणायची, हे विचारा.
- शब्द वहीत उतरवा. न कळलेला शब्द तसाच लिहा, ‘दुरुस्त’ करू नका.
- फाइल दोन ठिकाणी ठेवा. तिच्या परवानगीशिवाय ग्रुपवर टाकू नका.

ग्रामपंचायत, वाचनालय, शाळा यांनी पुढाकार घेतला तर उत्तमच. पण त्यांची वाट बघण्याइतका वेळ आपल्याकडे नाही. इडेलसोन यांना यंत्र वागवत फिरावं लागलं. आपलं यंत्र खिशात आहे, आत्ता हा लेख त्याच्यावरच वाचताय. वाचून झाला की रेकॉर्डर उघडा आणि आजीला हाक मारा.