आधी धडा, मग तोल

मैदानावर जो निकाल लागतो, तो खेळाडूंचा. त्यानंतर आणखी एक निकाल लागतो, आणि तो मैदानावर नव्हे, समितीच्या बंद खोलीत. संघ हरला की प्रशिक्षकाचे काय करायचे, याचा तो निकाल. पहिल्या निकालाला पंच असतात, नियमांचे पुस्तक असते, साऱ्यांना दिसणारा धावफलक असतो. दुसऱ्याला बहुधा यांपैकी काहीच नसते. या दुसऱ्या निकालाविषयी या महिन्यात वाचकांशी चार शब्द बोलावेत, असे आमच्या मनात आहे.

आमच्या भोपाळच्या बिट्टन मार्केटात हाटाच्या दिवशी भाजीच्या ढिगांइतकीच मतांचीही रेलचेल असते. क्रिकेटचा विषय निघाला की इथल्या मराठी माणसाची मात्र थोडी पंचाईत होते. माहेर मुंबईचे आणि सासर मध्य प्रदेशाचे, अशी त्याची अवस्था. २०२२ च्या जूनमध्ये रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात हीच दोन घरे समोरासमोर उभी राहिली आणि २६ जून रोजी बंगळूर येथे मध्य प्रदेशाने मुंबईला सहा गडी राखून हरवले. होळकर संघाने १९५२-५३ साली चौथ्यांदा करंडक जिंकला होता. त्यानंतर या भूमीत तो प्रथमच येत होता, आणि मध्य प्रदेश या नावाने तर पहिल्यांदाच.

त्या विजयी संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. त्यांची कारकीर्द आमच्या विषयासाठी जणू मुद्दाम घडली आहे. १९९८-९९ च्या हंगामात ते मध्य प्रदेशाचे कर्णधार होते. अंतिम सामना याच बंगळूरच्या मैदानावर कर्नाटकाशी झाला. पहिल्या डावात आघाडी मिळूनही मध्य प्रदेशाने तो सामना गमावला. त्या दिवशीच्या मापाने मोजले असते, तर पंडित हे ‘हातचा करंडक घालवणारे’ ठरले असते. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीनदा करंडक मिळवून दिला. त्यांपैकी तिसरा २०१५-१६ सालचा. त्याच्या पुढच्याच हंगामात, २०१७ च्या जानेवारीत, मुंबई पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचली आणि इंदूर येथे गुजरातकडून हरली. दोन वर्षांत एक विजेतेपद आणि एक उपविजेतेपद, एवढी जमा बाजू असूनही त्याच वर्षी मुंबईने प्रशिक्षक बदलला.

पंडित विदर्भात गेले. ज्या विदर्भाने तोवर रणजी करंडक कधी जिंकला नव्हता, त्याने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा लागोपाठ दोनदा जिंकला. त्यांतला पहिला तर इंदुरातच, म्हणजे जिथे वर्षभरापूर्वी पंडितांची मुंबई हरली होती, त्याच मैदानावर.

मुंबईने चूक केली, असे आम्ही म्हणत नाही. प्रशिक्षक बदलण्याचा अधिकार प्रत्येक संघटनेला आहे, आणि प्रशिक्षक गेला म्हणूनच संघ खाली आला, असे म्हणणे हेही तितकेच उतावीळपणाचे होईल. आमचे म्हणणे इतकेच की, तोच माणूस, तीच शिस्त, तीच पद्धत. एका ठिकाणी ती अपुरी ठरली आणि दुसऱ्या ठिकाणी इतिहास घडवून गेली. मग आपण मोजत होतो ते नेमके काय? माणूस की परिस्थिती?

पूर्वी सुटे तेल आणायला भांडे घेऊन जाण्याची रीत होती. दुकानदार आधी रिकामे भांडे एका पारड्यात ठेवी आणि दुसऱ्या पारड्यात तेवढाच भार टाकून काटा सारखा करी. यालाच आपण ‘धडा करणे’ म्हणतो. धडा केल्याशिवाय ओतलेले तेल कोणी जोखून घेत नसे. कारण मग भांड्याचे वजनही तेलाच्या नावावर चढे. प्रशिक्षकाच्या बाबतीत आपण हा धडाच करायला विसरतो. संघ त्याच्या हाती आला तेव्हा कोणत्या स्थितीत होता, खेळाडू निवडताना त्याचा शब्द किती चालत होता, त्याला किती वेळ मिळाला, हे भांड्याचे वजन आहे. बलाढ्य संघ घेऊन अंतिम फेरी गाठणारा आणि दुबळा संघ घेऊन उपांत्य फेरी गाठणारा, यांतला थोर कोण, हे नुसत्या पारड्याकडे पाहून सांगता येणार नाही.

हॉकीचे वेड असलेल्या आमच्या या शहराला आणखी एक उदाहरण ठाऊक आहे. १९९८ साली बँकॉक येथे भारताने बत्तीस वर्षांनी आशियाई खेळांत हॉकीचे सुवर्णपदक जिंकले. संघात भोपाळचे समीर दाद होते, आघाडीवर पुण्याच्या खडकीचे धनराज पिल्ले होते. पदकाचे कौतुक ओसरते न ओसरते तोच पिल्ले यांच्यासह अनेक खेळाडू वगळले गेले आणि प्रशिक्षक महाराज कृष्ण कौशिक यांचेही पद गेले. पराजय झाला तर पद जाते, हे कठोर असले तरी समजण्यासारखे आहे. पण विजयानंतरही पद जात असेल, तर प्रशिक्षकाने धरावे तरी कशाला?

हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही. अमेरिकेत विद्यापीठांचे फुटबॉल संघ म्हणजे एक मोठाच व्यवहार. तिथे २०२३ साली टेक्सासमधील ए अँड एम विद्यापीठाने आपले मुख्य प्रशिक्षक जिंबो फिशर यांना हंगाम संपण्यापूर्वीच दूर केले, आणि करार मोडल्याबद्दल साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे पत्करले. पैशाने करार मिटतो. न्याय झाला की नाही, हा प्रश्न मात्र मिटत नाही.

पुन्हा २०२२ च्या त्या अंतिम सामन्याकडे येऊ. हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक होते अमोल मुझुमदार. पंडित आणि मुझुमदार, दोघेही रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. एकाच गुरूचे दोन विद्यार्थी, एक जिंकला, एक हरला. पुढे २०२३ साली मुझुमदार भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक झाले. २०२५ च्या विश्वचषकात त्यांचा संघ साखळीत लागोपाठ तीन सामने हरला. त्या तिसऱ्या पराभवाच्या रात्री कोणी निकाल द्यायला बसले असते, तर तो काय लागला असता, हे सांगायला नको. पण निकाल थांबला, आणि २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला.

खेळातल्या गुरूंना आपल्या देशात जो मोठा पुरस्कार दिला जातो, तो द्रोणाचार्यांच्या नावाने. आचरेकर सरांना तो १९९० साली मिळाला. पण द्रोणाचार्यांचे तरी माप कशावरून घ्यावे? अर्जुनाच्या नेमावरून, की दुर्योधनाच्या वर्तनावरून? दोघेही त्यांचेच शिष्य. आणि एकलव्याच्या अंगठ्याचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडावा? गुरूने विजय किती मिळवले, याबरोबरच ते कसे मिळवले, हाही न्यायाचाच भाग आहे. पंडितांच्या कडक शिस्तीविषयी खेळाडूंनी कुरकुर केली असेल, तर तीही ऐकली पाहिजे. न्याय म्हणजे प्रशिक्षकाला अभय नव्हे.

म्हणून आमच्या मते गोष्टी तीनच. नेमणुकीच्या दिवशीच अपेक्षा स्पष्ट सांगाव्यात. मधेच माप बदलू नये. आणि निरोप द्यायचाच झाला, तर कारण त्याच्या तोंडावर सांगून, मानाने द्यावा.

वाचक म्हणतील, आम्ही कुठे कोणाचे प्रशिक्षक नेमतो? पण मुलाचे गुण घसरले की पहिल्या चाचणीनंतरच शिकवणी बदलणारे पालक आपल्यातच आहेत. संस्थेचा एक गणेशोत्सव फिका झाला की पुढच्या सभेत कार्यवाहांना उभे करणारे सभासदही आपल्यातच आहेत. तराजू आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे. पारड्यात माल टाकण्याआधी त्याचा धडा केला आहे ना, एवढे पाहून घ्यावे, म्हणजे झाले.