घरातलं, मनातलं : ज्युलीची आई आणि आपण

मागच्या वेळी या सदरात कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय काय करावं ते लिहिलं होतं. त्यावर पुष्कळ पत्रं आली. कुणी कडुलिंबाचा पाला सुचवला, कुणी एरंडेलाचा हात. त्या गठ्ठ्यात एक पत्र मात्र वेगळंच निघालं. पत्र आपल्या नाशिकचंच. नाव-गाव छापू नका अशी विनंती होती, म्हणून ते देत नाही.

त्या भगिनी लिहितात, "ताई, मुलगी पुण्याला नोकरी करते. तिनं आपल्या मनानं मुलगा ठरवलाय. मुलगा चांगला आहे म्हणते, पण आपल्या धर्मातला नाही. हे आठ दिवस धड जेवलेले नाहीत. सासूबाई म्हणतात, तिचा फोन घ्यायचाच नाही. मोबाइल वाजतो, तिचं नाव दिसतं आणि मी ओट्यापाशी नुसती उभी राहते. वाजून वाजून तो बंद होतो. मी काय करू?"

पत्र वाचलं आणि त्या दिवशी माझी आमटी खाली लागली. खोटं कशाला सांगू?

अशा प्रश्नाला चार ओळींत उत्तर देता येत नाही. म्हणून आज आधी एका सिनेमाची गोष्ट सांगते, मग माझ्या घरची, आणि मग त्या भगिनींना उत्तर.

सिनेमा १९७५ सालचा, 'ज्युली'. तुमच्यापैकी ज्या माझ्या वयाच्या आहेत त्यांना आठवत असेल. माझं लग्न होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पंचवटीतल्या वाड्यातून सिनेमाला निघायचं म्हणजे दिव्यच! हळदीकुंकवाला जातो असं सांगून मी आणि माझी जाऊ तिकिटाच्या रांगेत उभ्या राहिलो होतो. चित्रपट जरा 'तसला' आहे अशी कुजबुज होती, त्यामुळे पदर डोक्यावरून पुढे ओढून!

हा चित्रपट के. एस. सेतुमाधवन यांचा. त्यांनीच १९७४ साली मल्याळममध्ये 'चट्टक्कारी' काढला होता, त्याचा हा हिंदी अवतार. नायिका दोन्हीकडे लक्ष्मीच. तिला 'ज्युली'साठी फिल्मफेअरचं बक्षीस मिळालं, आईचं काम करणाऱ्या नादिराला मिळालं आणि संगीतासाठी राजेश रोशनलाही मिळालं. धाकट्या बहिणीच्या कामात छोटी श्रीदेवी होती.

कथा एका अँग्लो-इंडियन घरातली. वडील रेल्वेत इंजिन ड्रायव्हर, मनानं मोकळे पण दारूचे शौकीन. आई मार्गारेट, जिचा सगळा जीव विलायतेत अडकलेला. आपल्या जिल्ह्याला असं घर काही परकं नव्हतं. इगतपुरी आणि मनमाडच्या रेल्वे वसाहतींत अशी ड्रायव्हर-गार्डांची कुटुंबं होती. देवळालीचं बार्न्स स्कूल १९२५ साली तिथं उभं राहिलं, तेही प्रामुख्यानं अशाच समाजातल्या मुलांसाठी. म्हणून असेल, पण पडद्यावरचं ते घर आम्हाला ओळखीचं वाटलं.

तर ही ज्युली आपल्या मैत्रिणीच्या भावाच्या, शशीच्या प्रेमात पडते. तो हिंदू घरातला. त्याला नकळत ती आई होणार असते. हे कळल्यावर मार्गारेट काय करते? गुपचूप मुलीला दूर पाठवते. घरात सांगते, तिला नोकरी लागली. बाळ जन्मल्यावर ते अनाथाश्रमात ठेवायला लावते. त्याच काळात वडील जातात आणि घराचा भार ज्युलीवर पडतो. पुढे शशीला सारं समजतं, तो लग्नाला उभा राहतो, आणि आता दोन्हीकडच्या आया आडव्या येतात! त्याची आई म्हणते, ख्रिश्चन मुलगी नको, त्यातून तिला आधीच मूल. हिची आई म्हणते, हिंदू जावई नको, मी विलायतेला निघाले. शेवटी शशीचे वडील, म्हणजे उत्पल दत्त, दोघींची चांगली खरडपट्टी काढतात आणि नातवाला घर मिळतं.

त्या आधी १९७३ साली 'बॉबी' येऊन गेला होता. त्यातही मुलगी ख्रिश्चन, पण भांडण मुख्यत: श्रीमंती-गरिबीचं. 'ज्युली'त मात्र धर्माची अढी सरळ समोर ठेवली होती, आणि तीही दोन्ही घरांतली. हे मला तेव्हा नवं वाटलं. आपण समजतो, नाक मुरडायचा हक्क फक्त आपल्याला. समोरच्या घरातही आपल्याकडे बघून नाक मुरडत असतील, हे कुठं आपल्या लक्षात येतं?

बाहेर पडताना जाऊबाई म्हणाल्या, "कसली मेली ती आई!" मीही मान डोलावली. मार्गारेटला नावं ठेवत आम्ही घरी आलो.

आणि तीनच वर्षांनी ती पाळी आमच्या घरावर आली.

माझी चुलत नणंद शाळेत शिक्षिका होती. १९७८ साली तिनं मनमाडच्या रेल्वेतल्या एका ख्रिश्चन कारकुनाशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. चुलत सासऱ्यांनी तिच्या नावानं आंघोळ केली आणि फर्मान काढलं, "तिचं पत्रसुद्धा या घरात येता कामा नये." चुलत सासूबाई काही बोलल्या नाहीत. बोलायची पद्धतच नव्हती.

पोस्टमन यायचा तेव्हा पुढच्या ओट्यावर बहुधा मीच असायची. पहिल्या दिवाळीला निळं आंतर्देशीय पत्र आलं. अक्षर मी ओळखलं. परत पाठवायचा धीर होईना, द्यायचाही होईना. माझ्या माहेरच्या ट्रंकेत तळाशी टाकून दिलं. पुढच्या दिवाळीला दुसरं आलं. सासूबाई आतून विचारायच्या, "पोस्टमन येऊन गेला का गं?" मी सांगायची, "विम्याची नोटीस होती." दर दिवाळीला विम्याची नोटीस! त्यांना कळत नसेल का? पण त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

अशी नऊ पत्रं साठली. १९८७ साली सासूबाई आजारी पडल्या. शेवटी शेवटी लेकीचं नाव घ्यायला लागल्या, तेव्हा ह्यांनी मनमाडला तार केली. ती आली, पण एक दिवस उशिरा. मनमाड ते नाशिक, दोन तासांची वाट, आणि तिला नऊ वर्षं लागली.

दहाव्या दिवसानंतर मी ती पत्रं तिच्या हातात ठेवली. एकही फोडलेलं नव्हतं. मला वाटलं, आता ही मला बोलेल. ती एवढंच म्हणाली, "वहिनी, आईला कुठं वाचता येत होतं? तुम्ही वाचून दाखवाल म्हणून मी लिहीत होते."

आम्ही दोघींनी मागीलदारी बसून ती पत्रं वाचली. त्यांत भांडण नव्हतं, रडारड नव्हती. बाळाला दात आला. सासूबाई आपल्यासारख्याच कडक आहेत. आणि एका पत्रात विचारलं होतं, "आई, माझे अनारसे तुपात हसतात, काय चुकत असेल?"

एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर त्या माउलीपाशी होतं. गूळ जास्त झाला की अनारसा हसतो, मुठीएवढी तांदळाची पिठी मळून घे, दुसऱ्या दिवशी तळ. ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. ते अडवणारी मी होते. फर्मान चुलत सासऱ्यांचं होतं हे खरं, पण ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला होती. मार्गारेटला नावं ठेवणारी मी, तिच्यापेक्षा वेगळी काय वागले?

तर मैत्रिणींनो, धर्माची अढी आपल्या घरात अशी येते. हातात काठी घेऊन येत नाही. न दिलेलं पत्र, न उचललेला फोन, "विम्याची नोटीस होती" अशा रूपात येते. आणि ती राबवायचं काम बहुतेक वेळा आपल्या बायकांकडंच असतं.

तुम्ही म्हणाल, ताई, हे जुनं झालं. जुनं कुठलं! जुलै २०२१ मधली आपल्या नाशिकची गोष्ट आठवा. दोन धर्मांतली मुलं, दोन्ही घरांची राजीखुशी, नोंदणी आधीच झालेली. लग्नपत्रिका कुणीतरी मोबाइलवर फिरवली आणि परक्या लोकांनी इतका गिल्ला केला की ठरलेला समारंभ रद्द करावा लागला. पण मुलीचे आईवडील मागे हटले नाहीत, आणि थोड्याच दिवसांनी घरच्या माणसांत लग्न पार पडलं. सिनेमात उत्पल दत्त येतो. इथं आईवडीलच उभे राहिले.

दुसरी बाजूही सांगते, कारण आईच्या मनातली भीती खोटी नसते. २०२२ साली महाराष्ट्रातून दिल्लीला गेलेल्या एका मुलीच्या खुनाची बातमी आली तेव्हा आपल्या सगळ्यांच्या पोटात गोळा आला. त्यानंतर डिसेंबरात राज्य सरकारनं आंतरधर्मीय लग्न केलेल्या मुली आणि त्यांची माहेरं यांच्यासाठी एक समन्वय समितीही नेमली. सज्ञान मुलींच्या संसारात सरकारनं डोकावावं का, यावर वादही झाला. तो वाद बाजूला ठेवू. मला एवढंच दिसतं की माहेराशी बोलणं तुटलं की मुलीला संकटात परतायला जागा उरत नाही. तिला धोका असेल अशी भीती वाटते ना? मग फोन तोडणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट उपाय.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनींसाठी, आणि ज्यांनी लिहिलं नाही त्यांच्यासाठीही.

१. आज रात्री तिला फोन करा. लग्नाचा विषय काढूच नका. "जेवलीस का?" एवढंच विचारा. पुढचं आपोआप सुचेल.

२. मुलाला घरी बोलवा. कुठल्याही स्थळाला जे विचारलं असतं तेच विचारा. नोकरी, कर्ज, तब्येत, व्यसन, आधीचं लग्न. यात भिडस्तपणा नको. त्याच्या आईलाही भेटा. तिच्याही पोटात गोळा आलेला असणार.

३. मुलगा-मुलगी दोघांना समोर बसवून काही गोष्टी आधीच स्पष्ट करून घ्या. नाव बदलायचं का? धर्म बदलायचा का? सण कोणते, जेवण कोणतं, मुलांना काय शिकवायचं? प्रेमात हे प्रश्न लहान वाटतात, संसारात मोठे होतात.

४. धर्म न बदलता लग्न करायला १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षं पूर्ण हवा. दोघांपैकी एक जण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत असेल तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे लेखी नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात लावतात आणि ३० दिवसांत हरकत घेता येते. पण हरकत वय, आधीचा जोडीदार हयात असणं, जवळचं नातं, मानसिक असमर्थता अशा कारणांवरच चालते. "धर्म वेगळा" किंवा "आईवडिलांना पसंत नाही" हे कारण कायदा मानत नाही. मग तीन साक्षीदारांसमोर लग्न लागतं. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर नवी नोटीस. अशा लग्नानंतर वारसाहक्काला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, तेव्हा घर-जमिनीचं वकिलाला आधीच विचारून ठेवा.

५. मुलीचे शाळा-कॉलेजचे दाखले, बँकेचं खातं, दागिने तिच्या नावावर आणि तिच्या ताब्यात असू द्या. हे मी जातीत लग्न करणाऱ्या मुलींनाही सांगते.

६. यजमानांवर ओरडू नका. पुरुषांना वेळ लागतो. ताटावर बसल्यावर रोज तिची एक गोष्ट सहज बोलत जा, मग आपणच विचारतील. सासूबाईंना मात्र विश्वासात घ्या. त्यांच्या कडकपणाखाली काय दडलंय ते कुणी विचारलेलंच नसतं.

आणि तरीही तुमचं मन नाही म्हणालं तर? तसं तोंडावर सांगा. "मला हे पसंत नाही, पण दार उघडं आहे," असं म्हणता येतं. लग्न मान्य करायला वर्षं लागली तरी चालतील. फोन उचलायला लागू नयेत.

आमची नणंद आता पंचाहत्तरीच्या पुढं गेली. गुडघे दुखतात, तरी दिवाळीच्या आधी दोन दिवस मुक्कामाला येते. अनारशाचं पीठ मी भिजवते, थापायला ती बसते. अजून एखादा हसतोच. मग आम्ही दोघी तो आधी खाऊन टाकतो.

त्या भगिनींनी काय केलं ते मला जरूर कळवावं. तुमच्या घरात असं काही घडलं असेल तर तुम्हीही लिहा, नाव छापणार नाही. पुढच्या आठवड्यात पापड-कुरडया वर्षभर कुरकुरीत कशा ठेवायच्या, ते पाहू.