आधी दाराचा पत्रा गप्प करा!

धुळे-सोलापूर महामार्ग आणि पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईस जाणारा रस्ता मांजरसुंब्यात एकमेकांस मिळतात. तेथे थांबलेल्या जीप-मोटारींतून गाणी ऐकू येतात, पण पुष्कळदा गाण्याचे शब्द कमी व पत्र्याची झणझण जास्त! प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा पहाडी आवाजदेखील डब्यातून आल्यासारखा वाटतो. मग आपले तरुण हप्त्याने मोठा ॲम्प्लिफायर आणि डिकीत वूफर घेतात. माझ्या मते हा खर्चाचा उलटा क्रम आहे.

स्पीकरचा पडदा आवाज पुढे टाकतो तसा मागेही टाकतो, आणि हे दोन्ही आवाज एकमेकांच्या उलट असतात. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोके असतात. मागचा आवाज त्यांतून पुढे येतो आणि ढोलकीचा भारदस्त ठेका खाऊन टाकतो. त्यात बाहेरचा पातळ पत्रा स्वतःच थरथरतो. अशा दारात महागडा स्पीकर बसवून काय उपयोग?

दाराचे कव्हर काढून बाहेरच्या पत्र्याची आतली बाजू थिनरने स्वच्छ पुसावी. ॲल्युमिनियमची पाठ असलेले, दोनेक मिलिमीटर जाडीचे ब्युटाइल शीट चिकटवून रोलरने घट्ट दाबावे. सगळा पत्रा मढवण्याची गरज नाही. मधल्या सपाट भागाचा तिसरा हिस्सा पुरतो. बोटाने टकटक केल्यावर ‘टण्ण’ऐवजी ‘ठप्प’ वाजले की झाले. मग आतल्या पत्र्याची भोके बंद करावीत. स्वस्त म्हणून छपराचे डांबरी शीट लावू नये; बीडच्या मे महिन्याच्या उन्हात ते ओघळते व गाडीभर डांबराचा वास सुटतो. दाराच्या तळाशी पाणी निचरण्याची बारीक छिद्रे असतात, ती मात्र मुळीच बुजवू नयेत, नाहीतर दार आतून गंजते. कव्हर लावण्यापूर्वी काच वर-खाली करून पाहावी.

आता स्पीकर. टेपवर ‘50 वॉट गुणिले 4’ छापलेले असते, ती क्षणभराची ताकद. सतत मिळतात साधारण 15 ते 20 वॉट. म्हणून स्पीकरच्या खोक्यावरील वॉटचा मोठा आकडा न पाहता संवेदनशीलता पाहावी. 87 ऐवजी 90 डेसिबलचा स्पीकर तेवढाच आवाज निम्म्या वॉटमध्ये देतो. दोन्ही दारांच्या धन-ऋण तारा सारख्याच जोडाव्यात. एक उलटी पडली की बास गायब.

(मोटारीतल्या गाण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेत 1930 साली गॅल्विन कंपनीने आपल्या मोटार-रेडिओला ‘मोटोरोला’ नाव दिले. पुढे तेच कंपनीचे नाव झाले.)

एवढ्याने रस्त्याची घरघर पूर्ण जात नाही, थोडी कमी होते. पण शब्द स्पष्ट आले की आवाज वाढवावा लागत नाही, आणि दिवसभर गाडी चालवणाऱ्याच्या कानांना हे महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबल आवाज आठवड्यात 40 तास चालतो, 90 डेसिबल फक्त 4 तास. शिवाय घाटात मागच्या ट्रकचा हॉर्न ऐकू यायलाच हवा.

पुढची दोन दारे एका रविवारी होतात. मागची पुढच्या पगाराला केली तरी चालतील.