शेत नाही, पोते तर आहे!

"शेती करायची तर जमीन हवी." हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो की, ते कितपत खरे आहे हे तपासून पाहण्याचे आपल्या मनातच येत नाही. मालेगाव, भिवंडी, मुंब्रा अशा शहरांत दाटीवाटीने राहणाऱ्या मुलांना तर ते अगदी पटते. घर दोन खोल्यांचे, पुढे गल्ली आणि मागे दुसऱ्याची भिंत. अंगणच नाही, तर शेत कुठून येणार? त्यामुळे माती, बियाणे, खत, पीक हे सारे शब्द आपल्यासाठी केवळ पुस्तकातले शब्द होऊन बसतात.

माझे मत मात्र वेगळे आहे. ज्याच्याजवळ एक रिकामे पोते, दोन-तीन घमेली माती आणि पाच-सहा तास ऊन येणारा एक कोपरा आहे, त्याला थोडीशी शेती करता येते. एवढेच नव्हे, तर त्याने ती करावी. आणि तिची सुरुवात बटाट्यापासून करावी.

बटाटाच का? कारण तो आपल्या रोजच्या ओळखीचा आहे. आलूगोश्त असो, समोसा असो की बटाटावडा असो, त्याच्यावाचून चालत नाही. मुंबईची बिर्याणीसुद्धा त्याला सोडत नाही. पण हा ओळखीचा गृहस्थ मूळचा आपल्याकडचा नाही. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात, आजच्या पेरू आणि बोलिव्हिया या देशांत आहे. तिथले लोक हजारो वर्षांपासून त्याची लागवड करत आले आहेत. सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांनी तो युरोपात नेला आणि पुढे युरोपियनांबरोबर तो भारतात आला. मराठीतला 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. तुम्ही घरी त्याला 'आलू' म्हणता. फारसीत मात्र 'आलू' हे एका फळाचे नाव आहे. 'आलुबुखारा' म्हणजे बुखारा शहराचे आलू, हे तुमच्या लक्षात आलेच असेल. बटाट्याला फारसीत 'सीब-जमिनी', म्हणजे जमिनीतले सफरचंद म्हणतात. असा हा परदेशी पाहुणा आता आपल्या घरचाच झाला आहे. बटाट्याच्या उत्पादनात आज चीनच्या खालोखाल भारताचाच क्रमांक लागतो.

दुसरे कारण असे की, बटाटा फार लाड करून घेत नाही. त्याच्या लागवडीची रीत अगदी सोपी आहे.

तांदळाची किंवा सिमेंटची रिकामी पिशवी घ्यावी. सिमेंटची असेल तर ती झटकून, स्वच्छ धुऊन घ्यावी. जुनी बादली किंवा तेलाचा पत्र्याचा डबाही चालतो. तळाला सात-आठ भोके पाडावीत, म्हणजे जास्तीचे पाणी निघून जाईल. माती आणि चांगले कुजलेले शेणखत किंवा पाल्याचे खत सारख्या प्रमाणात मिसळावे. माती चिकट असेल तर थोडी वाळू घालावी. पोत्याचे तोंड बाहेरच्या बाजूला दुमडून ते बुटके करावे आणि तळाला वीतभर मिश्रण भरावे.

आता बियाणे. बटाट्याचे बी म्हणजे बटाटाच. त्याच्या अंगावर जे बारीक खड्डे दिसतात, त्यांना डोळे म्हणतात. डोळ्यांतून कोंब फुटतात. कोंब आलेले छोटे बटाटे अखंड लावावेत. मोठा असेल तर त्याच्या फोडी कराव्यात, पण प्रत्येक फोडीवर निदान दोन डोळे असावेत. फोडी एक-दोन दिवस सावलीत सुकू द्याव्यात, म्हणजे त्या मातीत कुजत नाहीत. बाजारातल्या काही बटाट्यांना कोंब येऊ नयेत म्हणून शीतगृहात औषध मारलेले असते. म्हणून बियाण्याच्या दुकानातून बेण्याचे बटाटे मिळाले तर अधिक चांगले. एका पोत्यात दोन किंवा तीनच फोडी ठेवाव्यात, कोंब वरच्या बाजूला करावेत आणि वर चार बोटे माती पसरावी.

रोप वीतभर वाढले की, शेंड्याची पाने उघडी ठेवून भोवती मातीची भर घालावी आणि दुमडलेले पोते तेवढे वर उलगडावे. असे दोन-तीन वेळा केले की झाले. ही भर कशासाठी? बटाट्यावर ऊन पडले तर तो हिरवा होतो. अशा बटाट्यात सोलानिन नावाचे विषारी द्रव्य वाढते, म्हणून हिरवा बटाटा खाऊ नये. बटाट्याची पाने आणि टोमॅटोसारखी दिसणारी त्याची फळेही विषारी असतात. घरात लहान भावंडे असतील तर त्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

पाणी बेताने द्यावे. बोट मातीत खुपसून पाहावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाण्याची गरज नाही. बटाट्याला थंड रात्री मानवतात. म्हणून महाराष्ट्रात हिवाळ्यात, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पोत्यात बटाटे लावावेत. मुंबईसारख्या दमट ठिकाणी थंडी कमी असते, म्हणून तिथे घाई न करता नोव्हेंबर उजाडू द्यावा. सुमारे तीन महिन्यांनी पाने पिवळी पडून वाळू लागतात. मग आठ-दहा दिवस पाणी बंद करून पोते जमिनीवर उलटे करावे. कुदळ नको की फावडे नको. हातांनी माती चाळली की बटाटे सापडतात.

यात श्रम किती? पोते भरण्याच्या दिवशी तासभर आणि पुढे रोज पाच मिनिटे. मात्र कमी श्रम म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. चार दिवस पाणी विसरलात तर रोप माना टाकते आणि प्रेमाने रोज बादलीभर पाणी ओतलेत तर आतला बटाटा कुजतो. थोडेच करायचे, पण न चुकता करायचे. आठवडाभर पुस्तक न उघडता परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांना बटाटा हा चांगला गुरू आहे.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ओल्या मातीने भरलेले पोते पंचवीस-तीस किलो सहज भरते. जुन्या इमारतीच्या सज्जात अशी पोती ओळीने मांडू नयेत. गच्चीवर ठेवायचे असेल तर मोठ्यांची परवानगी घ्यावी आणि पोत्याखाली विटा ठेवाव्यात.

आता काहीजण म्हणतील, "सर, बाजारात बटाटे स्वस्त मिळतात. मग हा उपद्व्याप कशाला?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सरळ दिले पाहिजे. एका पोत्यातून एक-दोन किलो बटाटे निघाले तर पीक चांगले आले असे समजावे. पोते उंच केले म्हणून बटाटे त्या मानाने वाढत नाहीत. बियाणे, खत आणि माती यांचा खर्च धरला तर पहिल्या वर्षी कदाचित तोटाच होईल. पैसे वाचवण्यासाठी हे काम करू नका, असेच मी सांगेन.

मग फायदा कोणता? पहिला फायदा समजुतीचा. बटाटा हे मूळ आहे की खोड, असे वर्गात विचारले तर बहुतेक हात 'मूळ' या उत्तरासाठी वर होतात. बटाटा हे जमिनीखालचे खोड आहे, हे पुस्तकात छापलेले असते. मुले ते पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. पण ज्याने डोळ्यातून कोंब निघताना पाहिला, त्याला ते पाठ करावे लागत नाही. डोळे आणि कोंब खोडालाच असतात, मुळाला नसतात. वजन करून किती बेणे लावले आणि किती पीक आले हे वहीत लिहिले, तर गणितातले गुणोत्तरही आपोआप समजते.

दुसरा फायदा मला याहून मोठा वाटतो. यंत्रमागाच्या आवाजात वाढलेल्या मुलाला कापड कसे विणले जाते हे सांगावे लागत नाही. एक धागा तुटला तर काय होते, हे तो जाणतो. म्हणून तो कापडाची किंमत जाणतो. पण ताटातल्या भाजीमागचे कष्ट त्याने पाहिलेले नसतात. दृष्टीआड सृष्टी! पुणे जिल्ह्यातील मंचर, खेड या भागांतला शेतकरी बटाटे लावतो, तेव्हा त्याला पावसाची, रोगाची आणि भावाची अशी तिहेरी काळजी असते. पीक बुडाले तर तोटा. सगळीकडे भरघोस पीक आले तर भाव कोसळतो, म्हणून तेव्हाही तोटा. आपल्या पोत्यातले एक रोप करपले तर आपण दोन दिवस हळहळतो. ज्याचे सारे शेत करपते त्याचे काय होत असेल, हा विचार तेव्हाच मनात येतो.

इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. आयर्लंड देशातील गरीब लोक पोटासाठी जवळजवळ बटाट्यावरच अवलंबून होते. १८४५ मध्ये तिथे बटाट्यावर करपा रोग आला. पाने काळी पडली आणि जमिनीतले बटाटे कुजले. पुढची काही वर्षे हे संकट सरले नाही. सुमारे १० लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली आणि तेवढ्याच किंवा त्याहून अधिक लोकांना देश सोडावा लागला. अन्न ही सहज मिळणारी वस्तू नाही, हे त्या देशाने फार मोठी किंमत देऊन अनुभवले. आपल्याला ते एका पोत्यातून शिकता येत असेल, तर का शिकू नये?

आणखी एक अडचण आहे, ती मनातली. मातीत हात घालणे हे कमीपणाचे काम आहे, असे शिकलेल्या माणसाला वाटू लागते. हा समज शाळेतच मोडला पाहिजे. नखात माती गेली म्हणून कोणाचे अक्षर बिघडत नाही. हे काम मुलींचे की मुलांचे, असा भेदही नको. पाणी दोघांनी घालावे आणि काढलेले बटाटे दोघांनी सोलावेत.

म्हणून माझी सूचना अशी आहे. कार्यानुभवाच्या तासाला दरवर्षी त्याच कागदी फुलांच्या माळा करण्यापेक्षा प्रत्येक वर्गाने एक पोते लावावे. पाणी घालण्याची पाळी हजेरीच्या क्रमाने यावी. नोव्हेंबरमध्ये लावलेले बटाटे फेब्रुवारीत, वार्षिक परीक्षेच्या आधी निघतात. पीक निघाल्यावर त्याच मातीत पुन्हा बटाटा, टोमॅटो, वांगी किंवा मिरची लावू नये. ही सारी एकाच कुळातली झाडे आहेत आणि त्यांचे बरेच रोगही सारखेच असतात. त्या जागी मेथी किंवा कोथिंबीर पेरावी.

साठ मुलांच्या वर्गात दोन किलो बटाटे वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम एक-दोन फोडी येतील. तेवढ्याने कोणाचे पोट भरणार नाही. पण त्या दिवशी कोणी डब्यातला घास टाकून देणार नाही, असे मला वाटते.

स्वाध्याय

१. 'आलू' आणि 'बटाटा' या शब्दांविषयी पाठात कोणती माहिती आली आहे?
२. रोपाभोवती मातीची भर का घालतात?
३. 'थोडेच करायचे, पण न चुकता करायचे' हे लेखकाने कशाविषयी म्हटले आहे? तुमच्या अनुभवातले एक उदाहरण द्या.
४. पोत्यात बटाटे लावल्याने पैसे वाचत नाहीत, तरी ते लावावेत असे लेखक म्हणतो. तुम्हाला हे मत पटते का? सकारण लिहा.