टक्केवारीच्या तराजूत छोटी शाळा

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे एक वार्षिक विधी पार पडतो. शाळांच्या नावांपुढे टक्केवारी छापून येते, शंभर टक्केवाल्यांच्या दारांत अभिनंदनाचे फलक झळकतात आणि यादीच्या तळाशी असलेल्या शाळांचा न्यायनिवाडा चहाच्या टेबलावर होतो. अशाच एका निकालानंतर माझ्या एका स्नेह्यांनी वसईच्या पूर्व पट्ट्यातील एका छोट्या अनुदानित मराठी शाळेच्या आकड्यावर बोट ठेवले. ७२.७३ टक्के. ‘सरकारचा पैसा असा किती दिवस वाया घालवायचा? बंद करावी एकदाची!’ असे म्हणून ते मोकळे झाले. स्नेही सज्जन आहेत, सुशिक्षित आहेत. म्हणूनच त्यांच्या विधानाचा प्रतिवाद करणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम हा आकडा उलगडून पाहू. त्या शाळेतून परीक्षेला अकरा मुले बसली होती. आठ उत्तीर्ण झाली, तीन राहिली. तिघांपैकी एकाला गणितात दोन गुण अधिक मिळाले असते तर हाच निकाल ८१.८२ टक्के झाला असता. अकरांच्या वर्गात एक मूल म्हणजे नऊ टक्के. दोनशेंच्या वर्गात एक मूल म्हणजे अवघा अर्धा टक्का. म्हणजे छोट्या शाळेचा निकाल एका मुलाच्या तापाने कोसळतो आणि एका हुशार मुलीमुळे आकाशाला भिडतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील १,६६२ शाळांच्या निकालांचा अभ्यास हॉवर्ड वेनर आणि हॅरिस झ्वेर्लिंग यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. अव्वल पन्नासांत छोट्या शाळा प्रमाणापेक्षा अधिक होत्या. पण तळाच्या पन्नासांतही त्याच अधिक होत्या! छोटेपणामुळे शाळा चांगली होत नाही की वाईट होत नाही. तिचा आकडा तेवढा चंचल होतो. तेव्हा एका वर्षाच्या टक्केवारीवरून अशा शाळेला फाशी देणे हा न्याय नव्हे.

बरे, ही टक्केवारी मोजणारी पट्टी तरी स्थिर आहे काय? २०१८ साली राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातचे अंतर्गत गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला. ते गुण पुन्हा सुरू झाले, आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली महामारीमुळे लेखी परीक्षाच झाली नाही. त्या वर्षी ९९.९५ टक्के मुले उत्तीर्ण! महाराष्ट्राची मुले एका वर्षात मठ्ठ आणि दुसऱ्या वर्षात बुद्धिमान झाली, असे कोणी म्हणेल काय?

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. त्या अकरा बाकांवर कोण बसले होते? कोणाच्या घरी वारली बोलली जाते, तर कोणाच्या घरी भोजपुरी. पाठ्यपुस्तकातील मराठी ही यांच्यासाठी परकीच भाषा. काहींचे आईवडील वीटभट्टीवर. भट्टी दिवाळीनंतर पेटते आणि पावसाच्या तोंडावर विझते. दहावीची परीक्षा नेमकी या हंगामाच्या ऐन भरात येते. त्या काळात आईबापांबरोबर न जाता मागे राहिलेले मूल स्वतः भाकरी थापून, धाकट्या भावंडाला सांभाळून परीक्षेला जाते. त्याचे चाळीस टक्के आणि आपल्या शिकवणीवर्गात तासलेल्या मुलाचे ऐंशी टक्के एकाच तराजूत तोलायचे?

शंभर टक्के निकालाचे एक गुपितही सांगितले पाहिजे. ‘सतरा नंबरचा फॉर्म’ हे शब्द पालकांना अपरिचित नाहीत. नववीत कच्चे ठरलेले मूल दहावीच्या वर्गात न घेता त्याला खाजगीरीत्या परीक्षेला बसण्याचा ‘सल्ला’ काही ठिकाणी दिला जातो. मूल शाळेच्या हिशेबातून गळते आणि फलकावरील शंभराचा आकडा अबाधित राहतो. ज्या शाळेने आपल्या तीन कच्च्या मुलांना दाराबाहेर न काढता परीक्षेला बसवले, तिला आपण नापास ठरवतो. नापास नेमके कोण झाले?

छोट्या शाळेत सारे आलबेल आहे, असे मी म्हणत नाही. वर्गाकडे पाठ फिरवणाऱ्या शिक्षकाला गरिबांच्या नावाने पाठीशी घालणे हे गरिबांशीच द्रोह करणे आहे. पण पट घटला की शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो, त्याचे अन्यत्र समायोजन होते आणि त्याचे विषय उरलेल्यांच्या गळ्यात पडतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष अधिकच कडक केले. मग भाषेचे शिक्षक विज्ञान शिकवतात, निकाल खालावतो, पालक मुले काढतात, पट आणखी घटतो. या दुष्टचक्राला पहिला धक्का कोणी दिला?

वाचकहो, तो आपण दिला. आपल्या आधीची पिढी याच मराठी शाळांतून शिकली, नोकऱ्यांना लागली, शिक्षक झाली. आपण मात्र मुलांना इंग्रजी माध्यमात घातले. तो आपला अधिकार आहे. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. परंतु आपली मुले काढून घेतल्यावर, ज्यांना अन्यत्र जाताच येत नाही अशांची शाळा ‘दर्जा नाही’ म्हणून बंद करा असे सांगण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

कारण बंद पडण्याचा अर्थ त्यांच्यासाठी निराळा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे छत्र आठवीपर्यंतच आहे. नववी-दहावीच्या मुलाला त्याचा आधार नाही. शाळा चार कोस दूर गेली की आपण गाडी काढू. पाड्यावरची मुलगी घरी बसेल. तिच्या गळतीची टक्केवारी कोणत्याही फलकावर लागणार नाही.

तेव्हा पुढील निकालाच्या दिवशी शाळेला तीन प्रश्न विचारू या. आठवीत किती मुले होती आणि त्यांतली किती दहावीच्या परीक्षेला बसली? ती आली तेव्हा कोठे होती आणि आज कोठे पोहोचली? जी राहिली, त्यांना पुरवणी परीक्षेसाठी कोणी हात दिला? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शाळेकडूनच मागून चालणार नाही. आपल्यातील निवृत्त शिक्षक, महाविद्यालयात जाणारी आपली मुलेमुली यांना आठवड्यातले दोन तास सहज काढता येतील. माझ्या स्नेह्यांनाही मी तेच सुचवले आहे. ते गणिताचे पदवीधर आहेत, आणि त्या शाळेतली तीन मुले अजून वाट पाहत आहेत.