फियाटला घाटात धाप का लागते?

दोस्तांनो, गेल्या आठवड्यात आपण सायकलच्या डायनॅमोची गंमत पाहिली. आज जरा मोठ्या यंत्राकडे वळू या. पण त्याआधी एक गोष्ट. माझ्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा डाग आहे. मुलं विचारतात, "काका, हे काय हो?" मी सांगतो, "हा राजूर घाटाचा शिक्का!"

त्याचं असं झालं. मी तेव्हा नववीत होतो. मे महिन्याची सुट्टी, मामांचं गाव पूर्णेच्या खोऱ्यात आणि मामांची लाडकी फियाट. बुलढाण्याला लग्न होतं. मामा, मामी, आजी, मामेभाऊ, मी आणि आहेराच्या पिशव्या, सगळं त्या एका गाडीत. मोताळा मागे पडला, राजूर आलं आणि घाट सुरू झाला. ऊन तर असं की डांबरही मऊ झालेलं. दोन-तीन वळणं चढलो नाही तोच बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. मामांनी गाडी कडेला घेतली, कॅन उचलला आणि पाणी शोधायला निघाले. जाताना बजावलं, "कोनी कायले हात लावू नका!"

पण मी पडलो नववीतला! विज्ञानात वर्गात पहिला! हाताला फडकं गुंडाळलं आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. फुस्स्! उकळत्या पाण्याचा फवारा उडाला. मान वळवली म्हणून चेहरा वाचला, मनगट मात्र सापडलं. मागून आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं आपली छागल, म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी, माझ्या हातावर धरली आणि गार पाणी ओतत राहिला. त्या भल्या माणसाचं नावही मी विचारलं नाही.

माझं चुकलं कुठे? तुमच्या आईला विचारा. शिट्टी होत असताना कुकरचं झाकण ती उघडते का? रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचंच भावंडं. उघड्या भांड्यातलं पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळतं. बुलढाणा आहे साधारण ६५० मीटर उंचीवर, तिथे ते ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पण बंद झाकणाखाली दाब वाढला, की पाणी ११० अंशांच्या पुढे जाऊनही पाणीच राहतं. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि त्याच क्षणी बरंचसं पाणी वाफ होऊन उसळतं. फडकं त्याला काय अडवणार?

आता मूळ प्रश्न. गाडी तापते का? इंजिनात पेट्रोल जळतं. त्यातून निघालेल्या उष्णतेपैकी जेमतेम पाव भाग चाकं फिरवायला कामी येतो. बाकीची बरीचशी धुरासोबत जाते आणि बरीचशी इंजिनाच्या धातूत उतरते. ही धातूतली उष्णता काढली नाही, तर इंजिन जाम होईल. म्हणून इंजिनाभोवती पाणी फिरवतात. पाण्याचा पंप ते पाणी ढकलतो. तापलेलं पाणी रबरी नळीतून पुढच्या रेडिएटरमध्ये येतं. तिथे बारीक नळ्या आणि त्यांना लागून पातळ पत्रे असतात. त्यांच्यामधून वारा वाहतो, पाणी निवतं आणि पुन्हा इंजिनाकडे जातं. मध्ये थर्मोस्टॅट नावाचं छोटं दार असतं. इंजिन पुरेसं गरम होईपर्यंत ते बंद राहतं, मग उघडतं.

म्हणजे उष्णतेचा हा रिले रेसचा खेळ आहे. धातूकडून पाण्याकडे, पाण्याकडून वाऱ्याकडे. एकाही गड्यानं बॅटन टाकलं, की गाडीला धाप लागलीच म्हणून समजा.

घाटात हे लवकर का होतं? मलकापूरहून बुलढाण्याला जाताना गाडी सुमारे ४०० मीटर वर चढते. इंजिनाला काम जास्त, म्हणून उष्णता जास्त. आणि वेग कमी, म्हणून समोरून येणारा वारा कमी. मग सगळी भिस्त पंख्यावर. जुन्या फियाटमध्ये हा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन मंद, तर पंखाही मंद! म्हणून जाणते ड्रायव्हर घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी कण्हत-कुंथत ओढत नाहीत. ते वेळेवर खालचा गिअर टाकतात. इंजिन मोकळं फिरतं, सोबत पंप आणि पंखाही जोरात फिरतात.

ती फियाट अजून आहे बरं का! तुमच्यापैकी अनेकांनी ही गाडी फक्त सिनेमात पाहिली असेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या तयार होत. पुढे १९७० च्या दशकात फियाटचं नाव 'प्रीमियर पद्मिनी' झालं. २००० सालच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. मामांची गाडी मात्र गोठ्याशेजारच्या शेडमध्ये धूळ खात उभी होती. मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. गेल्या वर्षी मामेभावानं ठरवलं, की गाडी ठाकठीक करायची आणि मामांना पुन्हा एकदा राजूर घाट चढवून न्यायचं.

त्यानं मला फोन केला. "गाडी तापते. विजेवर चालणारा मोठा पंखा बसवून टाकू का?" मी म्हटलं, "थांब. आधी सांग, कधी तापते?"

दोस्तांनो, हा प्रश्न लक्षात ठेवा. ताप आला की डॉक्टरही आधी हाच प्रश्न विचारतात. गाडी उभी असताना किंवा हळू चालताना तापते आणि वेगात निवते, तर वारा कमी पडतोय. पंखा आणि पट्टा तपासा. मोकळ्या रस्त्यावर वेगात धावतानाही तापते, तर वाऱ्याची कमी नाही, पाण्याची वाट अडलेली असू शकते. आणि सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते, तर पाणीच कमी असेल किंवा थर्मोस्टॅटचं दार अडकलं असेल.

भाऊ म्हणाला, "सपाट रस्त्यावर, साठच्या वेगानंही तापते." म्हणजे नुसत्या पंख्यानं भागणार नव्हतं.

मी गावी गेलो. मिस्त्रीही तेच म्हणाला, "पंखा तं लावू भाऊ, पन पयले पाहू पानी कुठी अडकलं ते." त्यानं थंड गाडीचा रेडिएटर उतरवला, वरची टाकी उघडली आणि आम्हाला दाखवलं. निम्म्याहून अधिक नळ्या पांढऱ्या-तांबूस थरानं बुजलेल्या! चहाच्या किटलीत बसतो ना, तसाच थर.

हा थर आला कुठून? पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांमधून खारपाणपट्टा पसरला आहे. तिथल्या विहिरींचं पाणी क्षारांनी भरलेलं. तुमच्यापैकी जे शेगाव-संग्रामपूरकडचे आहेत, त्यांना मी काय सांगावं! मामा वर्षानुवर्षं सकाळी विहिरीची बादली भरून रेडिएटरमध्ये ओतायचे. पाण्याची वाफ उडून जायची, क्षार मात्र आतच राहायचे. वर आणखी पाणी, आणखी क्षार. पुटं चढत गेली. क्षारांचा थर उष्णता नीट जाऊ देत नाही आणि खारं पाणी लोखंडाला गंजही चढवतं.

मामा शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. बुजलेल्या नळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पंखा काय करन बाप्पा! पानीच मी खारं पाजलं तिले." माझ्या मनगटाकडेही त्यांनी एकदा पाहिलं. मी म्हटलं, "मामा, झाकण मी उघडलं होतं. तुम्ही तर नाही म्हणून गेला होता." तेव्हा कुठे ते हसले.

मिस्त्रीनं प्रत्येक नळीतून पातळ पट्टी फिरवून थर काढला, टाकी पुन्हा झाळली, नवा पट्टा आणि नवं झाकण बसवलं. आत विहिरीचं पाणी नाही, तर कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर. सपाट रस्त्यावर गाडी एकदम शहाणी झाली. पण बाजारात, बैलगाडीमागे रांगताना अजून थोडी तापायची. आता दोष उरला वाऱ्याचा. आता पंख्याची पाळी!

विजेच्या पंख्याचा फायदा हा, की इंजिन मंद असलं तरी तो पूर्ण वेगानं फिरतो, आणि पाणी ठरावीक तापमानाला पोचलं, तरच सुरू होतो. पण वीज फुकट येत नाही. गणित करा. पंखा १० अँपिअर घेतो आणि बॅटरी १२ व्होल्टची, तर किती वॅट? १२० वॅट! घरातल्या छताच्या साध्या पंख्याला साधारण ७५ लागतात. जुना डायनॅमो मंद गतीत फार थोडी वीज देतो. रात्री हेडलाइट आणि पंखा एकदम लावले तर बॅटरीच उतरायची. म्हणून डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला. जाड वायर, फ्यूज आणि रिलेही टाकले. जुना पंखा काढला, पट्टा मात्र ठेवला. का बरं? कारण पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतो.

शेवटी एक मजेदार परीक्षा घेतली. इंजिन बंद ठेवून मिस्त्रीनं पंखा चालू केला आणि गाडीच्या समोरच्या जाळीवर वर्तमानपत्राचा कागद धरला. कागद चिकटून बसला, म्हणजे पंखा वारा आत ओढतोय. कागद उडून गेला असता, तर समजायचं की दोन वायरी उलट्या जोडल्या आहेत.

या वर्षी मे महिन्यात आम्ही राजूर घाट चढलो. खालच्या गिअरमध्ये, न थांबता. मामा पुढच्या सीटवर. मी ज्या वळणावर पोळलो, तिथे त्यांनी उगाच एकदा हॉर्न वाजवला.

आता तीन गोष्टी पाठ करा आणि बाबांनाही वाचून दाखवा. एक, गाडी तापली की इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांबा. झाकणाला हात लावायचा तो मोठ्यांनी, आणि रेडिएटर पूर्ण थंड झाल्यावरच. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. दोन, विजेचा पंखा बंद गाडीतही अचानक फिरू शकतो, तिथे बोटं घालू नका. तीन, कूलंट चवीला गोड पण विषारी असतं. सांडलं तर लगेच पुसा, कुत्री-मांजरं चाटतात. आणि कुणी पोळलंच, तर १५-२० मिनिटं साधं गार पाणी. टूथपेस्ट नाही, शाई नाही. मग डॉक्टर.

घरी करून पाहायला एक सोपा प्रयोग. आईच्या मदतीनं दोन सारख्या स्टीलच्या पेल्यांत सारखंच कोमट पाणी घ्या. एक पंख्याखाली ठेवा, दुसरा बंद कपाटात. दर पाच मिनिटांनी तापमान लिहा आणि आलेख काढा. कोणती रेघ लवकर खाली येते? आणि दोन्ही पेल्यांवर झाकण ठेवलं, तर काय फरक पडतो? उत्तरं मला पत्रानं कळवा.

पुढच्या आठवड्यात भेटू, तोवर डोकं थंड ठेवा!