मोकळा भाव
भिगवणच्या पंपावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर थांबतो, ड्रायव्हर टाकीच्या तोंडाची चिंधी काढतो आणि म्हणतो, ‘दोन हजाराचं टाक.’ लिटरमध्ये कुणी बोलतच नाही. डिझेलमधली नफेखोरी म्हटली की आपण पंपवाल्याकडे बोट दाखवतो. त्या बिचाऱ्याला ठरलेलं कमिशन. डिझेलचा भाव सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये मोकळा केला, म्हणजे कागदावर. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायदा शून्याखाली गेला, आणि मे उजाडताच केंद्राने डिझेलवर लिटरमागे १३ रुपये चढवून तो उतार परस्पर गिळला. आता बारामती-इंदापूरचा शेतकरी विकतो तो माल बघा. उसाची एफआरपी, म्हणजे किमान भाव, दिल्ली ठरवते, इथेनॉलचा दरही दिल्लीच. ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एका आदेशाने बंदी आली. आठवडाभरात ती थोडी सैल केली, तोवर कारखान्यांचं गणित विस्कटलं होतं. विकताना बांधलेला हा शेतकरी घेताना मात्र ‘मुक्त बाजारात’ उभा असतो. त्याच्या ट्रॅक्टरच्या डिझेलवर लिटरमागे कर तेवढाच, जेवढा मागे हॉर्न वाजवणाऱ्या आलिशान गाडीच्या डिझेलवर.